सव्विसाव्या वर्षी केस मागे सरकतायत: आधी प्रत्यारोपण की आधी औषध?

चोपड्याहून एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने विचारलं आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे गेलेत, शेंडीच्या जागी कातडी दिसायला लागली आहे. वडिलांना टक्कल, मोठ्या काकांनाही. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, घरचे मुली बघायला सुरुवात करणार. जळगावात एका हॉटेलात भरलेल्या शिबिरात त्याला ‘३००० ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके), एका दिवसात काम’ असं पॅकेज सांगितलं आणि ॲडव्हान्स मागितला. मिनॉक्सिडिल लावून पाहिलं होतं, पण तीन आठवड्यांत केस उलट जास्त गळाले म्हणून बंद केलं. आई म्हणते, सगळा दोष बोअरच्या पाण्याचा. आणि शेवटी एक ओळ: ताईच्या बाळंतपणाला चार महिने झालेत, तिचेही केस जातायत, तिला हेच औषध चालेल का?

भाऊ, ॲडव्हान्स भरू नका. प्रत्यारोपण वाईट असतं असं नाही, तुमच्यासाठी त्याची वेळ अजून आलेली नाही. प्रत्यारोपणाने रिकाम्या जागेवर केस येतात, पण टक्कल पुढे सरकायचं थांबत नाही. ते थांबवायचं काम औषधाचं. तुम्हाला विकलं जातंय ते नेमकं उलट्या क्रमाने.

आधी निदान पक्कं करू. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे पुरुषी पद्धतीचं, अनुवंशिक टक्कल दिसतं. पण ‘केस गळतात’ असं म्हणत येणाऱ्या माणसाला चार-पाच वेगवेगळे आजार असू शकतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आमच्याकडे पेशंट खुर्चीत बसता बसता म्हणतो, ‘डाक्टर, मना केस गळी ऱ्हायनात’, आणि खिशातून कागदाची पुडी काढतो. पुडीत गळालेले केस. ती पुडी मला खरंच उपयोगी पडते. केसाच्या टोकाला पांढरा, मोहरीहून बारीक गोळा असतो. लोक घाबरतात: ‘मुळासकट येतात हो!’ ते मूळ नव्हे. केस विश्रांतीच्या अवस्थेत गेला की त्याचं टोक असं गोलसर होतं आणि तो सुटतो. ज्यातून नवा केस उगवतो ती पिशवी कातडीत तशीच राहते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं नेहमीचं आहे. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विश्रांती घेऊन पडतो.

मला पाहायचं असतं ते पुडीतल्या केसांची जाडी. सगळे सारखे जाड, लांब असतील तर एखाद्या तापाचा किंवा धक्क्याचा परिणाम असण्याची शक्यता जास्त. जाड-बारीक मिसळ असेल, त्यात भुरभुरीत, आखूड केस असतील, तर टकलाची सुरुवात. मग डर्मोस्कोप, म्हणजे दिवा लावलेलं भिंग, शेंडीच्या जागी ठेवून मोबाइलला जोडतो आणि चित्र पेशंटलाच दाखवतो. पाठीमागच्या डोक्यावर एकेका छिद्रातून दोन-तीन जाड केस निघालेले दिसतात. वर आणलं की त्याच आकाराच्या जागेत एक जाड, दोन बारीक, एक तर लव. बहुतेकांना निदान तिथेच पटतं, मला फार बोलावं लागत नाही.

हे का होतं? पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ५-अल्फा-रिडक्टेज नावाच्या एन्झाइममुळे डीएचटी या जास्त ताकदीच्या हार्मोनमध्ये बदलतं. कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांच्या पिशव्या काही जणांत जन्मतःच या डीएचटीला हळव्या असतात. तिथला केस दर फेरीला थोडा बारीक, थोडा आखूड येतो आणि शेवटी दिसेनासा होतो. कानाच्या वरचे आणि मानेकडचे केस तसे हळवे नसतात, म्हणून टक्कल पडलेल्या माणसालाही मागे झालर राहते. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा पुरुषांविषयी लिहिलं ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मापासूनच कमी होतं. त्यांना टक्कल पडत नव्हतं आणि प्रोस्टेटही लहान राहत होती. पुढे औषध शोधताना त्याच निरीक्षणाचा धागा धरला गेला. (मामाला टक्कल म्हणजे भाच्याला नक्की, हे अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बाकीची दोन्ही घरांतून येतात. तुमच्या बाबतीत वडील आणि काका पुरेसे आहेत.)

पाण्याचं आता मिटवून टाकू. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात बोअरचं पाणी जड आहे हे खरंच. त्याने साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना मध्येच तुटतात. पण ते केसाच्या बाहेरून होतं, पिशवीला त्याचं काही वाटत नाही. पाण्याने टक्कल पडतं म्हणावं तर तेच पाणी वापरणाऱ्या घरात वडील आणि मुलगाच का, आई का नाही? (ताईंचं कारण वेगळं, ते शेवटी.) हेल्मेट, टोपी, डोक्याला गुंडाळलेला रुमाल हेही निर्दोष. मे महिन्यात ४५ अंशांत रुमाल काढून हिंडू नका, टकलापेक्षा उन्हाचा झटका जवळचा आहे. तेलाने केसाला चकाकी येते, मालिशने बरं वाटतं, पण टकलावर तेलाने केस आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

पाण्याविषयी विचारताना बरेच जण शेगावचं उदाहरण देतात, तेव्हा तेही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत तीन-चार दिवसांत माणसांचे केस झडले. बायकापोरं सगळ्यांचेच. पहिला संशय पाण्यावरच गेला होता. संशोधक डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी नंतर रेशनच्या गव्हातल्या अति सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. तुमच्या टकलाशी त्याचा संबंध नाही. तुमचं वर्षानुवर्षं, ठरावीक नकाशाने चाललंय. ते आठवड्याभरात, कुणालाही झालं. एक गोष्ट मात्र त्यातून घ्या: सेलेनियम काय किंवा व्हिटॅमिन ए काय, जास्त झालं की केस गळतात, आणि ‘केसांच्या गोळ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत हीच असतात. दोन-तीन कंपन्यांच्या एकत्र घेऊ नका. बायोटिनच्या गोळ्याही उगाच नकोत. त्याची कमतरता सहसा कुणाला नसते, आणि मोठ्या डोसने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असाल तर तपासणीआधी लॅबवाल्याला सांगा.

आता औषधं. अनुवंशिक टकलावर भक्कम पुरावा असलेली औषधं दोन, आणि दोन्ही जुनी, स्वस्त, जेनेरिकमध्ये मिळणारी.

पहिलं मिनॉक्सिडिल. मुळात हे रक्तदाबाच्या गोळीचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून डोक्याला लावायचं द्रावण बनवलं आणि अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. तुम्ही तीन आठवड्यांत ते सोडलंत, तेव्हा औषध काम करायला लागलं होतं. विश्रांतीत पडून राहिलेल्या केसांना ते एकदम वाढीच्या अवस्थेत ढकलतं. नवा केस खालून येताना जुना पडतो. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत ही गळती दिसते आणि मग थांबते. बाटली देणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं. मेडिकलवर कोणी सांगत नाही, आणि बाटल्या अर्ध्यावर टाकल्या जातात.

लावायची रीत लिहून देतो, कारण अर्ध्या लोकांचं औषध केसांनाच लागतं, कातडीला पोचत नाही. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. डोकं कोरडं हवं. कंगव्याने भांग पाडा, ड्रॉपरचं टोक कातडीला टेकवून चार-पाच थेंब सोडा, बोटाने पसरवा, मग शेजारी दुसरा भांग पाडा. शेंडीपासून कपाळापर्यंत असे पाच-सहा भांग होतात. चोळायचं नाही, मालिश करायची नाही, आणि वरून तेल तर अजिबात नाही. हात लगेच धुवा. निदान चार तास डोकं ओलं करू नका. रात्रीचं झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर अर्धं उशी पिते आणि उशीवरून गालाला लागून तिथे लव येते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी घामाने ते कपाळावर ओघळतं, तेव्हा शेतात किंवा साइटवर काम असेल तर सकाळचा डोस निघण्याच्या तासभर आधी घ्या. खाज आली, कोंड्यासारखे पापुद्रे निघाले तर बहुधा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकामुळे. त्याऐवजी फेसाच्या रूपातलं (फोम) घेतलं की थांबतं. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशीचा अभ्रा तिच्यापासून लांब ठेवा, मांजराला हे औषध विषारी आहे. आणि १० टक्क्यांची बाटली दुप्पट काम करते हा समज काढून टाका; जळजळ तेवढी वाढते.

परिणाम सहा महिन्यांच्या आत तोलायचा नाही. पहिल्या दिवशी, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, केस सारखेच कापलेले असताना वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आरशावर विश्वास नको. माणूस एका दिवशी हिरमुसतो, दुसऱ्या दिवशी खुलतो. सोडलंत तर चार-सहा महिन्यांत मिळालेलं जातं. ठिबक चालू तोवर केळीची बाग हिरवी, हे तुम्हाला जळगाव जिल्ह्यात वेगळं सांगायला नको.

दोनदा लावायचा कंटाळा ही खरी अडचण आहे, म्हणून हल्ली कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळी बरेच त्वचारोगतज्ज्ञ देतात. टकलासाठी तिचा वापर अधिकृत परवान्याबाहेरचा आहे. पायावर सूज, छातीत धडधड, कपाळा-गालांवर लव हे होऊ शकतं. हृदयाचा त्रास असेल तर नाही. रक्तदाब मोजल्याशिवाय ती कुणाकडूनही घेऊ नका.

दुसरं फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅमची एक गोळी. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम १९९२ मध्ये आली, टकलासाठी १ मिलिग्रॅम १९९७ मध्ये. डीएचटी बनायचंच ती कमी करते, म्हणजे मूळ कारणावर घाव. ज्या चाचण्यांवर तिला मान्यता मिळाली त्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे शेंडीच्या जागचे केस टिकून होते. तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत २८ टक्क्यांचे. शेंडीला तिचा फायदा जास्त, कपाळाच्या कोपऱ्यांना कमी. तिथे पूर्ण गुळगुळीत झालेलं परत येईल अशी आशा मी कुणाला दाखवत नाही.

या गोळीबद्दल सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो आणि तो विचारताना आवाज खाली जातो, विशेषतः लग्न ठरायचं असेल तेव्हा. सरळ सांगतो. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं असे त्रास चाचण्यांत ३.८ टक्के पुरुषांना झाले; नकली गोळी घेणाऱ्यांतही २.१ टक्क्यांना झाले. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं. काही पुरुषांनी बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलं आहे, ते मी थट्टेवारी नेत नाही. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचाही इशारा आहे. ज्याला आधी नैराश्य आलेलं आहे किंवा जो या विषयाने आधीच पोखरला गेलाय, त्याला मी ही गोळी सहसा देत नाही. देतो त्याला सांगतो: मन उदास वाटू लागलं तर थांबायचं आणि फोन करायचा, ‘केस जातील’ म्हणून रेटायचं नाही. मूल होण्याच्या प्रयत्नांत अडचण आली तर गोळी थांबवून वीर्यतपासणी करतात. गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नका, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्याच कारणाने गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. मिनॉक्सिडिलमध्ये फिनास्टेराइड मिसळलेल्या बाटल्याही बाजारात आहेत. लेबल वाचा, घरात गरोदर बाई असेल तर साधी बाटली बरी. पुढे पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी कराल तेव्हा ही गोळी घेत असल्याचं सांगायचं, आकडा निम्मा येतो. ड्युटास्टेराइड नावाची आणखी तिखट गोळी आहे. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ती टकलासाठी मान्य आहे, पण ती अंगातून निघायला महिने लागतात. सव्विसाव्या वर्षी, लग्नाआधी, मी तिच्यापासून सुरुवात करणार नाही.

पीआरपीविषयी थोडक्यात. स्वतःचं रक्त काढून, फिरवून, प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचतात. काहींना फायदा होतो, पण रक्त फिरवायची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणून निकालही वेगळे. औषधाच्या जोडीला, पैसे हातात असतील तर. औषधाच्या ऐवजी नाही. एक्सोसोम, स्टेम सेल असल्या नावांनी जे चाललंय त्याला पैसे देऊ नका.

आता शिबिरातल्या ३००० ग्राफ्टवर या. मागच्या झालरीतून केस घेऊन पुढे लावले तरी ते आपला मागचा स्वभाव सोडत नाहीत, गळत नाहीत. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी हे १९५९ मध्ये मांडलं आणि आजही शस्त्रक्रिया त्याच पायावर आहे. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. म्हणून कोणी ‘६००० केस’ सांगितले आणि कोणी ‘३००० ग्राफ्ट’, तर दोघे कदाचित एकच सांगतायत. दर विचारताना ग्राफ्टचा विचारा. खरी अडचण साठ्याची. मागून आयुष्यभरात साधारण ४००० ते ६००० ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात, त्यापुढे मागचंही डोकं विरळ दिसतं. बरी दाटी दिसायला एका चौरस सेंटिमीटरला ४० च्या आसपास ग्राफ्ट लागतात. पूर्ण टकलाचा भाग दीडशे-दोनशे चौरस सेंटिमीटर असतो. गुणाकार तुम्हीच करा: सहा ते आठ हजार. म्हणजे पूर्ण टक्कल भरून निघेल एवढा माल कुणाकडेच नसतो.

सव्विसाव्या वर्षी तुमचं टक्कल कुठवर जाणार हे कुणालाच माहीत नाही. वडिलांच्या डोक्याकडे बघा, अंदाज तिथून येतो. आज ३००० ग्राफ्ट खर्चून कपाळावर खाली, कॉलेजातल्यासारखी रेघ आखून घेतलीत आणि औषध घेतलं नाहीत, तर तिच्यामागचे तुमचे मूळचे केस गळतच राहतील. पस्तिशीत पुढे केसांची पट्टी, मागे मोकळं मैदान, आणि भरायला साठा संपलेला. असं डोकं दुरुस्त करणं नव्याने लावण्यापेक्षा कितीतरी अवघड.

म्हणून औषध सुरू करा, वर्षभर घ्या. टक्कल थांबलं आहे असं फोटोंत दिसलं आणि कोपरे तरीही खुपत असतील, तेव्हा प्रत्यारोपणाचा विचार करा. त्या वेळी विचारायचं ते हे: छिद्र पाडणार कोण, ग्राफ्ट काढणार कोण, डॉक्टर की हाताखालची पोरं? डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का? भुलीच्या इंजेक्शनची रिॲक्शन आली तर सोय काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की केस प्रत्यारोपण प्रशिक्षित डॉक्टरचंच काम आहे. यूट्यूब बघून किंवा एखादी कार्यशाळा करून ते येत नाही. हॉटेलातल्या शिबिराला हे प्रश्न विचारून बघा, उत्तराआधी डिस्काउंट वाढेल. आणि आखाजीचा हिशोब तर तसाही जमणार नाही: लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, पूर्ण दिसायला वर्ष जातं.

मुली बघायच्या आहेत म्हणून काही लगेच हवंच असेल, तर केस बारीक कापा. लांब केस ओढून टक्कल झाकलं की ते जास्त उठून दिसतं. केसांत टाकायची रंगीत पूड मिळते, फोटोपुरती उत्तम.

एक धोक्याची सूचना, कारण गावाकडे हे फार चालतं. टक्कल असो की चाई, बिब्बा घासू नका. चाई म्हणजे नाण्याएवढं गोल, गुळगुळीत टक्कल अचानक पडतं ते. लोक म्हणतात किडा लागला, पण किडा नसतो, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांवर उलटते. लहान चाई बऱ्याचदा आपोआप भरते, नाहीतर स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतो. डोकंभर पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिबची गोळी २०२२ पासून अमेरिकेत मान्य आहे, आता इथेही तज्ज्ञ देतात, रक्त तपासून. बिब्ब्याने मात्र कातडी भाजते, फोड येतात, व्रण राहतो. व्रणात पिशवी उरली नाही की तिथे पुन्हा केस येत नाही, कुणाच्याही औषधाने.

ताईंचं. त्यांना हे औषध नको. गरोदरपणात केस गळायचे थांबलेले असतात, बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी ते सगळे एकदम सुटतात. टायफॉइड, डेंग्यू, चिकनगुन्यानंतरही अगदी असंच होतं. पिशव्या शाबूत असतात, म्हणून भांगाच्या कडेला आखूड, उभे केस दिसायला लागतील, तो नव्या पिकाचा पुरावा. अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल नको आणि फिनास्टेराइड तर नाहीच. दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, डिंकाच्या-मेथीच्या लाडवांनी लोहाची भरपाई होत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा करून घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, नंदुरबारकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी आलं तर मी सिकलसेल या रक्ताच्या अनुवंशिक आजाराची तपासणीही लिहून देतो. तिथे रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहाची कमतरता हेच नसतं, आणि नुसतं लोह देत राहून उपयोग होत नाही. बाळ वर्षाचं झाल्यावरही भांग रुंदच दिसत असेल, तर ताईंना घेऊन या. तुम्ही फोटो घेऊन या, आणि वडिलांचा तिशीतला एखादा फोटो सापडला तर तोही.